नानांच्या घरातली मंडळी

सोसायटीच्या गेटवर कुणीही आलं, अगदी पत्ता चुकून आलं, तरी नाना जगताप म्हणायचे, "येऊ द्या."

मी कामोठ्यातल्या आमच्या सोसायटीची सेक्रेटरी. दुसरं कुणी तयार होत नाही म्हणून मी, आणि माझं तोंड चालतं म्हणूनही मी. गेटवर ते नवीन ॲप बसवलं तेव्हा सगळ्यांना खाली पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून मी समजावलं होतं. वॉचमन आलेल्या माणसाचा फोटो काढेल, तुमच्या मोबाइलवर बेल वाजेल, माणूस ओळखीचा असेल तरच हिरवं बटण दाबायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. नानांनी तर पहिल्या रांगेत बसून शंका विचारल्या. आणि आठवडा उलटायच्या आत आमच्या जिन्यात फिल्टरवाले, गाद्या विकणारे, विमावाले असे हिंडायला लागले की विचारू नका. वॉचमनला झापलं तर तो म्हणतो, "मैं क्या करू मॅडम, चारसौ दो ने अप्रूव्ह किया."

चारशे दोन म्हणजे माझ्या समोरचं दार. मी तणतणत गेले. दार सताड उघडं. आत नाना एका फिल्टरवाल्याला चहा देत होते आणि तो बिचारा बॅग मांडीवर घेऊन अवघडून बसला होता.

"नाना, ह्यांना तुम्ही बोलावलंत?"

"न्हाई वैनी, त्येच आले. फोन वाजला, मी म्हणलं येऊ द्या."

"तुम्हाला फिल्टर हवाय?"

"हाय की घरात. आमच्या पोरानं, सुशांतनं, मागंच बसवलाय."

"मग?"

नानांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काहीतरी खुळ्यासारखं विचारलं. "आवो, माणूस दारात आलंय. त्येचा फोटू बी आलाय. न्हाई कसं म्हणायचं?"

मी कपाळाला हात लावला. फिल्टरवाला निघून गेला. त्याने बिस्किटं खाल्ली नाहीत म्हणून नाना जरा हिरमुसले आणि ती प्लेट त्यांनी माझ्यापुढे सरकवली. मी भांडायला गेले होते. खाल्ली.

नाना मूळचे कोरेगावकडचे. तळोज्याच्या एका कंपनीत मेंटेनन्सला फिटर होते. लग्न झाल्यावर नावड्यात भाड्याने राहिले, मग कामोठ्यात हा फ्लॅट घेतला. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली तरी सकाळी कंपनीच्या बसच्या वेळेला आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार. उंच, काटकुळा माणूस. कुठलीही वस्तू हातात आली की आधी बोटाच्या पेराने ठोकून बघायचे, मग तो नारळ असो की माझा नवा मिक्सर. यंत्राबद्दल ते कधी "बिघडलं" म्हणाले नाहीत. "त्येला बरं न्हाई" म्हणायचे. वाऱ्याने तळोज्याचा तो औषधी वास इकडे आला की आम्ही सगळे नाकं मुरडत खिडक्या लावायचो, आणि नाना गॅलरीत उभे राहून म्हणायचे, "चाललीया, चाललीया कंपनी." त्यांना तो वास माहेरचा वाटायचा.

त्यांची बायको, माई, गेल्यानंतर वर्षश्राद्धाला मुलगा सुशांत जर्मनीहून आला, तो एक मोठी बॅग भरून वस्तू घेऊन. हॉलमध्ये मान फिरवणारा एक कॅमेरा, मोबाइलवरून लागणारे दिवे, दारावरची फोटो काढणारी बेल, आणि बोलणारा एक गोल डबा. दोन दिवस पोरगा स्टुलावर चढून तारा ओढत होता आणि नाना खाली स्टूल धरून उभे होते. त्या दोन दिवसांत नाना जितके खूश दिसले तितके मी त्यांना माई गेल्यापासून पाहिले नव्हते. मला हाताला धरून घरात नेलं आणि एकेक वस्तू दाखवली. "ही आमची नवी मंडळी, वैनी. सगळी एकमेकांशी बोलत्यात म्हणं."

ह्या वस्तूंकडून आपण प्रत्येकजण काही ना काही अपेक्षा धरून बसलेलो असतो. मला हवं होतं की गेटवर कटकट नको. आमच्या ह्यांना हवं होतं की दूध संपलं की फ्रिजने आपणहून सांगावं, म्हणजे मी ओरडणार नाही. नानांची अपेक्षा एकच होती, आणि ती त्यांनी मला त्या दिवशी सरळ सांगून टाकली.

"आता सुशांत रोज घरात असणार, वैनी. तिकडनं सगळं दिसतंय त्याला."

तोपर्यंत सुशांतचा रोज संध्याकाळी फोन यायचा. दिवेलागणीला. नाना आधी तोंड धुवायचे, केस विंचरायचे, आणि मोबाइल समोर टीपॉयवर ठेवून खुर्चीत बसायचे. फोनवर बोलणं ते काय असायचं? जेवलास का, थंडी हाय का, इकडं पाणी आलं न्हाई, ठेवतो. पण दिवसभर जे काही व्हायचं ते नाना त्या फोनसाठी राखून ठेवायचे. एखाद्या वेळी मी काही मजेची गोष्ट सांगितली की म्हणायचे, "हे सांगतो आज सुशांतला."

कॅमेरा बसला आणि फोन विरळ झाला. आधी एक दिवसाआड, मग रविवारी, मग रविवारही चुकायला लागला. नानांनी एकदा विचारलं तर सुशांत म्हणाला, "अहो नाना, दिसता की तुम्ही मला. ॲपवर सगळं ठीक दाखवतंय." नानांनी हे मला अगदी कौतुकाने सांगितलं. "सगळं ठीक दाखवतंय म्हणं." आणि मग बराच वेळ टीपॉयवरचा मोबाइल इकडून तिकडे सरकवत बसले.

त्यांचं त्या बोलक्या डब्याशी मात्र छान जमलं. त्याच्यातल्या बाईला मराठी यथातथाच यायचं, आणि नानांचं कोरेगावचं मराठी तर मुळीच नाही. म्हणून नाना तिच्याशी हिंदी बोलायचे, तेही अहोजाहोने. "बाईसाहेब, आज बारिश हय क्या?" ती म्हणायची, "माफ कीजिए, मैं समझ नहीं पाई." मी हसत सुटायचे. नाना अजिबात चिडायचे नाहीत. "नवी हाय, शिकंल," म्हणायचे. कंपनीत नव्या लागलेल्या माणसाबद्दल ते असंच बोलत असणार. दीड वर्ष ती बाई नवीच राहिली.

सुशांतकडून त्यांनी तिला एकच वाक्य शिकवून घेतलं होतं. दुपारी जेवणाच्या वेळेला ती म्हणायची, "नाना, जेवून घ्या." आवाज रेल्वे स्टेशनवरच्या सूचनांसारखा, 'घ्या' मध्येच तुटलेला. एकदा मी आमटीची वाटी घेऊन गेले होते तेव्हाच ती बोलली. नाना लगेच उठले. "घेतो, बाई. तुमचं झालं का?"

डबा गप्प. नानांनी क्षणभर वाट बघितली. मग माझ्याकडे वळून जरा ओशाळून म्हणाले, "सवय, वैनी. माईला विचारायचो." माई रोज स्वयंपाकघरातून हेच वाक्य ओरडायची, ते माझ्या घरात ऐकू यायचं. मी वाटी ठेवली आणि निघून आले.

दिव्यांचीही अशीच गंमत. संध्याकाळ झाली की त्यांच्या हॉलमधला दिवा आपोआप लागायचा. नाना लगेच हात जोडायचे आणि म्हणायचे, "लावला बघा सुशांतनं." आमचे हे एकदा तिथेच पेपर वाचत बसले होते. ह्यांना कुठे काय बोलावं कळलं तर शपथ. म्हणाले, "नाना, तो टायमरवर असतो. कुणी लावत नाही. आपला आपण लागतो."

नाना म्हणाले, "असंल. पण टायमर कुणी लावला?"

ह्यांनी परत पेपर तोंडापुढे धरला.

पुढे मी बघायला लागले की नाना त्या कॅमेऱ्यासाठी जगायला लागलेत. जेवायला बसताना ताट आधी कॅमेऱ्यापुढे धरायचे. "मेथी केली बघ आज. जरा खारट झालीया." बाहेर जाताना, "जरा पनवेलला जाऊन येतो रं." आल्यावर, "आलो रं." कॅमेरा मान फिरवून त्यांच्याकडे बघायचा. नाना खूश. "वळून बघतंय, बघा!" आणि तिकडून उत्तर काही नाही. आता हे सगळं दारातून बघताना माझ्यासारख्या बाईचं डोकं फिरणार नाही तर काय होईल? पण ते घर त्यांचं, मुलगा त्यांचा. मी गप्प बसले. मी गप्प बसणं ही आमच्या सोसायटीत बातमी असते.

मग ती खंडेनवमी आली.

ज्यांच्या घरात कधी कुणी कारखान्यात काम केलेलं नाही त्यांना हे सांगायला हवं. खंडेनवमीला हत्यारांची पूजा करतात. तलवारी आता कुणाकडे असतात? ज्याच्यावर पोट भरतं ते हत्यार. कंपनीत मशिनी धुऊनपुसून लख्ख करायच्या, हळदकुंकू लावायचं, झेंडूच्या माळा, नारळ, पेढे. आणि मुख्य म्हणजे पूजेला लावलेल्या हत्याराला मग हात लावायचा नाही. त्याला विश्रांती. दसऱ्याला उचलायचं. नानांनी हे आयुष्यभर पाळलं होतं. रिटायर झाल्यावर ते घरातला पाना, पक्कड आणि माईची विळी मांडायचे. त्या वर्षी त्यांच्या मनात आलं, घरात एवढी मंडळी अहोरात्र ड्यूटीवर आहेत, त्यांना कुणी कधी सुट्टी दिली?

सकाळीच त्यांनी पाट मांडला. त्यावर लाल कापड. बेल दाराची काढून आणली. बोलका डबा, दिवे, इंटरनेटचा खोका, सगळं ओळीने. स्वतःचा मोबाइलही, कारण तोही त्याच मंडळींतला. शेवटी कॅमेरा. तो अजून चालू होता. नानांनी अंगठा कुंकवात बुडवला आणि बरोब्बर त्याच्या भिंगावर टिळा लावला. मग सगळ्यांना हात जोडले, सगळ्यांची बटणं बंद केली, घराला कुलूप लावलं आणि दसऱ्यासाठी झेंडू आणि आपट्याची पानं आणायला पनवेलच्या बाजारात निघून गेले.

जर्मनीत सुशांत तेव्हा नुकताच उठून मोबाइल बघत होता. त्याला काय दिसलं? वडिलांचा हात भिंगावर येतो, सगळं लाल होतं आणि मग काळोख. नानांचा फोन बंद. बेल बंद. सगळंच बंद. त्याने मला फोन केला. "काकू... नाना... रक्त..."

मी धावले. दाराला कुलूप. सकाळी घराला कुलूप लावून नाना न सांगता कधी जायचे नाहीत. सांगायला आले असणारच, पण मी तेव्हा खाली वॉचमनशी पाण्याच्या टँकरवरून भांडत होते. सुशांतने तोवर अख्ख्या जगाला फोन लावले होते. घणसोलीचा पुतण्या मोटरसायकलवर निघाला. नावड्याहून कंपनीतले जुने मित्र रिक्षा करून आले. सुशांतचे सासू-सासरे ठाण्याहून आले. कोरेगावहून मेव्हणे जीप घेऊन निघाले ते घाटातून फोन करत होते. सुताराला बोलावून दार तोडलं. आम्ही दहाबारा माणसं आत शिरलो.

आत काय? लाल कापडावर सगळी मंडळी कपाळाला कुंकू लावून शांत बसलेली, पुढे नारळ, आणि उदबत्ती कधीच विझलेली. सुशांतच्या सासूबाई मटकन खाली बसल्या. आमचे हे हसायला लागले, आणि मी ह्यांच्याकडे असे डोळे वटारले की बस.

तेवढ्यात नाना आले. दोन्ही हातांत पिशव्या, खांद्यावर आपट्याची फांदी. तोडलेलं दार पाहिलं, घरभर माणसं पाहिली, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. पिशव्या खाली ठेवून हळूच विचारलं, "कोण गेलं?"

मला हसावं की रडावं कळेना. मी माझा मोबाइल त्यांच्या कानाला लावला. पलीकडून सुशांत ओरडत होता, रडत होता, पुन्हा ओरडत होता. "असं करतात का नाना? जीव गेला असता माझा! फोन तरी चालू ठेवायचा!" नाना नुसते ऐकत होते. मध्ये मध्ये म्हणायचे, "बोल. बोल की." तो रागावत होता आणि नानांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि चेहरा असा की जत्रेला निघालेत. शेवटी म्हणाले, "चुकलं बाबा. मंडळींना सुट्टी दिली होती. पुन्यांदा न्हाई बंद करणार. शब्द देतो."

त्या दिवशी चारशे दोनमध्ये सगळी जेवली. मी भात टाकला, पुतण्याने बाहेरून भाजी आणली, कोरेगावचे मेव्हणे पोचले ते थेट पंगतीत. नाना वाढत होते. मी निघताना दारात, म्हणजे दार नव्हतंच, चौकटीत येऊन म्हणाले, "किती माणसं आली, वैनी! माईच्या टायमाला आली होती तेवढी."

त्यानंतर काही दिवस फोन रोज आला. मग सुशांतने ॲपमध्ये काहीतरी बदल केला. घरात बराच वेळ हालचाल दिसली नाही तर त्याला सूचना जाणार. एरवी 'सगळं ठीक'. जवळ कुणी असावं म्हणून ते ॲप त्याने माझ्या मोबाइलवरही टाकून दिलं. म्हणजे नाना घरात फिरायला लागले की माझ्या पर्समध्ये टुण्ण. घरात हालचाल. सगळं ठीक. फोन पुन्हा विरळ झाला.

एका दुपारी नाना खुर्चीत बसल्या बसल्या झोपले, आणि मोबाइल खणखणला. "नाना, हलला नाहीत बराच वेळ, बरे आहात ना?" नाना दचकून उठले, आणि त्या दिवशी पोटभर बोलले. तेव्हा त्यांना काय ते कळलं.

मी एकदा साबुदाण्याची खिचडी घेऊन गेले तर नाना कॅमेऱ्यासमोर खुर्चीत बसलेले, हात गुडघ्यांवर, नजर समोर, फोटो काढायला बसल्यासारखे. मी हाक मारली. मान वळवली नाही. ओठ न हलवता म्हणाले, "थांबा वैनी. आत नका येऊ. तुमी हललात तरी त्येला कळतंय."

"काय चाललंय काय नाना?"

"बसलोय. फोन येईल आता."

मी दारातच उभी राहिले. वाटीचा हात भरून आला. खरंच मोबाइल वाजला. "बरे आहात ना?" आणि नाना असे काही उठले! "हाय की रं! बोल, तिकडं बर्फ पडलं का?" आता ह्या माणसाला मी काय बोलणार होते? मी खिचडी टीपॉयवर ठेवली आणि घरी येऊन आमच्या ह्यांना सांगितलं की खबरदार कुणाला बोललात तर. आठवड्यातून दोनदा तरी त्यांचं असं बसणं चालायचं. साठ-सत्तर पायऱ्या चढून-उतरून व्यायाम करणारा माणूस, पोराचा आवाज ऐकायला दगडासारखा बसून राहायचा.

सुशांत हुशार मुलगा. त्याने घड्याळ पाठवलं. मनगटावर बांधायचं, त्यात नाडी कळते, झोप कळते, चाललात किती ते कळतं. नानांनी ते पेराने ठोकून बघितलं, बांधलं आणि दुपारभर खुर्चीत बसले. दुसऱ्या दिवशीही बसले. फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "आता निपचित पडून ऱ्हायलो तरी त्येला कळतंय वैनी, नाना जिता हाय."

त्या दिवशी मात्र माझं डोकं सटकलं. घरी येऊन मी सुशांतला फोन लावला आणि झाडलं. तुझ्या बापाला तुझं यंत्र नको, तू हवायस, दोन मिनिटं फोन करायला काय जातं तुझं? तो शांतपणे ऐकत राहिला. मग म्हणाला, "काकू, तुम्हाला वाटतं मला पर्वा नाही. मी दिवसातून दहा वेळा बघतो त्यांना. ट्राममध्ये, ऑफिसात. ते मेथी निवडतात ते बघतो. आम्हा दोघांशिवाय इथे आपलं कुणी नाही काकू. त्यांना बघितलं की मला वाटतं मी घरीच बसलोय."

खोटं नव्हता बोलत पोरगा. मला ते पटलं, आणि म्हणूनच जास्त राग आला. मी म्हटलं, "तुला ते दिसतात रे. त्यांना तू कुठे दिसतोस?"

नंतर पंधरा दिवस फोन नेमाने आला. पुढे त्याचं काम वाढलं.

मी म्हटलं नानांना, "काढून टाका ते घड्याळ. बंद करा सगळं. बघा कसा फोन येतो."

नाना म्हणाले, "न्हाई वैनी. शब्द दिलाय. पोरगं घाबरतंय." आणि मनगटावरचं घड्याळ पुसून नीट केलं.

दिवाळीच्या आधी नाना गेले. झोपेतच. मी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीच लेकीच्या बाळंतपणाला नाशिकला गेले होते, त्यामुळे मी नव्हते. घड्याळाने जर्मनीत कळवलं, सुशांतने आमच्या ह्यांना उठवलं, दार तोडल्यापासून गेटवर ठेवलेली किल्ली घेऊन वॉचमन धावला, डॉक्टर आले. जाहिरातीत सांगतात तस्संच सगळं झालं. कुठे काही अडलं नाही, फक्त नाना नव्हते.

दिवसकार्य झाल्यावर मी परत आले तेव्हा सुशांत त्यांच्या खुर्चीत बसला होता. दाढी वाढलेली. म्हणाला, "काकू, माझ्याकडे सगळं रेकॉर्डिंग आहे." मोबाइल माझ्यापुढे धरला. "सगळ्यात नाना काहीतरी बोलतायत. ताट दाखवतात आणि बोलतात. बाहेर जाताना बोलतात. मी कधी ऐकलंच नाही. ट्राममध्ये असायचो ना, आवाज बंद ठेवून बघायचो."

मी त्याच्यासाठी चहा टाकला. तेवढ्यात ती डब्यातली बाई म्हणाली, "नाना, जेवून घ्या," आणि सुशांतने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

मला नाना आठवतात ते त्या शेवटच्या दसऱ्याच्या संध्याकाळचे.

खंडेनवमीला त्यांनी मंडळींना बसल्या जागी कुंकवाचं बोट लावलं होतं, अगदी कडेला, भिंग सोडून. बंद काही केलं नव्हतं. "यंदा सुट्टी न्हाई त्यास्नी," म्हणाले होते. दसऱ्याला मी सोनं द्यायला गेले. हॉलमधला दिवा नुकताच लागला होता. नाना इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, डोक्यावर टोपी ठेवून कॅमेऱ्यासमोर उभे होते. हातात आपट्याचं पान. मी आले हे त्यांना कळलं नाही.

"सोनं घे बाळा," ते म्हणत होते. "सोन्यासारखा ऱ्हा. सूनबाईला बी सांग. तब्येतीला जप. माझी काळजी करू नगंस, हितं मंडळी हायती समदी."

कॅमेऱ्याने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. नानांनी ते पान त्याच्या डोक्यावर ठेवलं. आणि मग त्यांचा उजवा हात वर झाला. आमच्याकडे धाकट्याने सोनं घेतलं की वाकून पाया पडायचं असतं, आणि थोरल्याने डोक्यावर हात ठेवायचा असतो. नाना हात पुढे करून उभे होते. समोर वाकायला कुणी नव्हतं, तरी हात त्यांनी खाली घेतला नाही.

मी पन्नाशी उलटलेली बाई. अख्ख्या सोसायटीशी भांडते. सासऱ्यांच्या नंतर कुणाच्या पाया पडले नव्हते. चपला दारात काढल्या, पुढे गेले आणि वाकले.

नाना दचकले. मग त्यांचा हात माझ्या डोक्यावर टेकला. अगदी हलका. "आवो वैनी..." म्हणाले. हात बराच वेळ तसाच ठेवला, आणि मीही उठायची घाई केली नाही.

पर्समध्ये माझा मोबाइल टुण्ण वाजला. मी बघितला नाही. काय आलं असणार ते मला माहीत होतं.